मिनी प्रोजेक्टमध्ये एकमेकांना गुण देताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान नवी मुंबई-ठाणे भागात कॉम्प्युटर आणि आयटी इंजिनीअरिंग शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, आणि त्यांचे प्रोजेक्ट गाइड करणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांसाठीही. सबमिशनच्या दिवसांत स्टाफरूमच्या दाराशी जे प्रश्न येतात तेच इथे घेतले आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवते. ग्रुपमधल्या सहकाऱ्याला तुम्ही देता तो गुण म्हणजे साक्ष असते. साक्षीला पुरावा हवा, साक्ष देणाऱ्याला संरक्षण हवं, आणि निकालाची जबाबदारी गाइडने स्वतःच्या अंगावर घ्यायला हवी. पुढची बहुतेक उत्तरं इथूनच निघतात.

पीअर इव्हॅल्युएशनमध्ये नक्की कोणी कोणाला तपासायचं?

आपल्याकडे दोन प्रकार चालतात. एकात ग्रुपमधले चौघं एकमेकांच्या कामाबद्दल सांगतात: कोणी काय केलं, कसं केलं, वेळेत केलं का. दुसऱ्यात एक ग्रुप दुसऱ्या ग्रुपचा तयार प्रोजेक्ट चालवून बघतो आणि त्याला गुण देतो. पहिल्यात माणसाचा वाटा बघायचा असतो, दुसऱ्यात प्रोजेक्टचा दर्जा. दोन्हींना एकच फॉर्म वापरला की गोंधळ ठरलेला. शेजारच्या ग्रुपचं टीमवर्क कसं होतं हे तुम्हाला कळणार कुठून? तरी तो रकाना फॉर्मवर असतो आणि मुलं काहीतरी भरून मोकळी होतात. फॉर्म वेगळे ठेवा, जमलं तर दिवसही.

पण गुण देणं हे शिक्षकांचं काम ना? आमच्यावर का ढकलता?

गुण देणं शिक्षकांचंच काम आहे. पण आठवड्याच्या एका प्रॅक्टिकलमध्ये एकेका ग्रुपच्या वाट्याला गाइडची जेमतेम काही मिनिटं येतात. डेटाबेस कोणी उभा केला, रात्री अकरा वाजता कोण फोन उचलत नव्हतं, डेमोच्या आदल्या दिवशी बिघडलेलं लॉगिन कोणी निस्तरलं, हे ग्रुपमधल्यांनाच माहीत असतं. ते न विचारता चौघांना सारखे गुण देणं वरवर समान दिसतं, पण ज्याने काम ओढलं त्याच्यावर तो अन्यायच असतो.

दुसरं कारण असं. माक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजला होता. १९१३ साली छापलेल्या त्या निष्कर्षांत दिसलं की माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा सरासरी जोर कमी होत गेला. १९७९ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या आणि आरोळ्यांवर तसाच प्रयोग केला आणि घट पुन्हा दिसली. पुढच्या प्रयोगांत आपला आवाज वेगळा मोजला जातो असं लोकांना कळलं तेव्हा हा ढिलेपणा बऱ्यापैकी गेला. मिनी प्रोजेक्टमध्येही तसंच आहे. आपलं काम वेगळं दिसणार हे पहिल्या आठवड्यात माहीत असलं तर निम्मे वाद उभेच राहत नाहीत. म्हणून फॉर्म सेमिस्टरच्या सुरुवातीलाच दाखवा. शेवटच्या आठवड्यात अचानक पुढे आलेला फॉर्म फक्त राग बाहेर काढायच्या कामाला येतो.

विद्यापीठाच्या नियमांत हे बसतं का?

मुंबई विद्यापीठाच्या २०१९च्या सी स्कीममध्ये (म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रमात) मिनी प्रोजेक्टचा ग्रुप तीन ते चार जणांचा ठेवला आहे आणि प्रत्येक ग्रुपने आठवड्याच्या प्रगतीचं लॉगबुक ठेवायचं आहे. टर्मवर्कच्या, म्हणजे सेमिस्टरभराच्या कामाच्या, २५ गुणांपैकी १० गाइडने लॉगबुकवरून द्यायचे, १० रिव्ह्यू कमिटीने आणि ५ अहवालाच्या दर्जाला. सहकाऱ्यांची साक्ष यातल्या गाइडच्या १० गुणांत वापरता येते, कारण वैयक्तिक काम बघायची जागा तीच आहे. उरलेल्या १५ गुणांना तिने हात लावू नये, असं मला ठामपणे वाटतं. तुमचं कॉलेज स्वायत्त असेल किंवा स्कीम नवी असेल तर वाटणी वेगळी असेल, पण तत्त्व तेच ठेवा: साक्षीने एकूण गुणांचा लहान आणि आधी जाहीर केलेला भागच हलावा.

फॉर्मवर काय विचारायचं?

डोळ्यांनी दिसू शकेल असंच. 'प्रामाणिकपणा', 'नेतृत्व', 'अॅटिट्यूड' हे शब्द फॉर्मवर नकोत. त्यांवर माणसाचा स्वभाव तोलला जातो, आणि आपल्याला आवडणाऱ्या माणसाचा अॅटिट्यूड नेहमीच चांगला असतो.

मी चार गोष्टी विचारते, प्रत्येकी ५ गुण. अंगावर घेतलेलं काम ठरल्या दिवशी झालं का. झालेलं काम मर्ज केल्यावर, म्हणजे ग्रुपच्या कोडमध्ये जोडल्यावर, दुसऱ्या कोणाला पुन्हा करावं लागलं का. अडचण आली तेव्हा वेळेत सांगितली का, आणि दुसरा अडला तेव्हा मदत केली का. पूर्ण प्रोजेक्ट समजतो का, म्हणजे स्वतःच्या मॉड्यूलबाहेरचा भागही समजावता येतो का.

नुसते १ ते ५ आकडे मात्र पुरत नाहीत. कोणाचा ३ म्हणजे 'ठीक', कोणाचा ३ म्हणजे 'वाईट'. आकड्याशेजारी वाक्य लिहा. पहिल्या मुद्द्यासाठी, ५: प्रत्येक काम ठरल्या दिवशी, किंवा उशीर होणार हे आधी कळवून. ३: काही कामं उशिरा, विचारल्यावर कारण कळलं. १: दुसऱ्याला ते काम स्वतःकडे घ्यावं लागलं. एवढं लिहिलं की मुलं खरोखर आठवून गुण देतात. अमेरिकेत तयार झालेल्या 'कॅटमी' या साधनातही असंच आहे, तिथे पाच बाबी आणि प्रत्येक पातळीला वर्तनाचं वर्णन असतं. आपल्याला वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज नाही, गूगल फॉर्म पुरतो. फक्त उत्तरांचा सारांश इतरांना दाखवण्याची सेटिंग बंद आहे ना, हे दोनदा तपासा.

गिटहबवर सगळं दिसतंच की. कमिट मोजले की झालं!

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गिट हे कोडमधले बदल नोंदवणारं साधन, आणि गिटहब म्हणजे त्या नोंदी ऑनलाइन ठेवायची जागा. एकदा नोंदवलेला बदल म्हणजे एक कमिट. पण कमिटची संख्या हा फार कच्चा पुरावा आहे. एक जण बटणाचा रंग बदलला की कमिट करतो. दुसरी तीन दिवस सेशन का तुटतं ते शोधते आणि शेवटी दोन ओळी बदलते. कोणाचे किती कमिट ते मोजणारं गिट शॉर्टलॉग पहिल्याच्या नावापुढे मोठा आकडा दाखवतं, दुसरीच्या नावापुढे एक. ओळी मोजल्या तरी तेच. नोडच्या (जावास्क्रिप्टच्या) प्रोजेक्टमध्ये आपोआप तयार होणारी पॅकेज-लॉक फाइल ज्याच्याकडून कमिट झाली त्याच्या खात्यावर हजारो ओळी चढतात, त्यातली एकही त्याने लिहिलेली नसते. कोणी फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारं साधन) पूर्ण प्रोजेक्टवर फिरवला तर गिट ब्लेममध्ये, म्हणजे ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या यादीत, ओळीमागून ओळ त्याच्याच नावावर दिसते. ब्रँच (कामाची वेगळी फांदी) स्क्वॅश करून मर्ज केली तर मधले सगळे छोटे टप्पे मुख्य ब्रँचवर एकाच कमिटमध्ये गोळा होतात.

आणि गिट कोणाची ओळख तपासत नाही. कॉन्फिगमध्ये जे नाव आणि ईमेल घातलं असेल तेच कमिटवर चढतं. लॅबच्या मशिनवर आधीच्या बॅचच्या मुलाचं नाव तसंच राहिलं असेल तर तुमचं काम त्याच्या नावावर जातं. एकाच्या लॅपटॉपवर दोघं बसून लिहितात तेव्हा लॅपटॉपवाल्याचं नाव लागतं. हे टाळायला दोन सवयी पहिल्याच दिवशी लावा. रिपॉझिटरी (प्रोजेक्टच्या कोडचं गिटमधलं भांडार) उघडली की स्वतःचं नाव आणि ईमेल सेट करायचं. जोडीने काम केलं तर कमिट मेसेजच्या शेवटी 'को-ऑथर्ड-बाय' ओळीत दुसऱ्याचं नाव आणि ईमेल लिहायचं. गिटहब ती ओळ ओळखतं आणि दोघांनाही श्रेय दाखवतं.

मग गिटचा उपयोग काय? खूप आहे, पण मोजण्यापेक्षा वाचायला. मी तारखा बघते: काम सेमिस्टरभर पसरलंय की शेवटच्या दोन रात्रींत कोंबलंय. पुल रिक्वेस्टवर (बदल मर्ज करायच्या विनंतीवर) कोणी काय विचारलं ते बघते. मग एखादा कमिट उघडून त्याच विद्यार्थ्याला विचारते, "इथे काय अडलं होतं?" ज्याने काम केलेलं असतं तो या प्रश्नावर थांबत नाही, उलट जास्तच सांगायला लागतो. गिट, लॉगबुक आणि सहकाऱ्यांचे फॉर्म, तिन्ही एकच सांगत असतील तर काळजी नाही. तिन्ही वेगवेगळं सांगत असतील तर त्या ग्रुपला समोर बसवायचं.

सहकाऱ्यांच्या आकड्यांवरून माझे गुण कसे निघतात?

एक ग्रुप घेऊ: अ, ब, क, ड. प्रत्येकाने उरलेल्या तिघांना २० पैकी गुण दिले, स्वतःला दिलेले इथे धरलेले नाहीत.

अ ने दिले: ब १६, क १८, ड १०.
ब ने दिले: अ १६, क १६, ड १२.
क ने दिले: अ १८, ब १५, ड १२.
ड ने दिले: अ १५, ब १५, क १५.

सरळ पद्धत अशी की प्रत्येकाला मिळालेले गुण जोडायचे आणि ग्रुपच्या सरासरीने भागायचे. अ ला ४९, ब ला ४६, क ला ४९, ड ला ३४ मिळाले. बेरीज १७८, माणशी सरासरी ४४.५. म्हणून ड चा गुणक ३४ भागिले ४४.५, म्हणजे ०.७६. ग्रुपच्या कामाला गाइडने १० पैकी ८ दिले असतील तर ड ला ८ गुणिले ०.७६, साधारण ६. अ चा गुणक १.१०, त्याला ९.

आता याच पद्धतीतली फट बघा. समजा ड ने तिघांनाही १५ ऐवजी ५ दिले. अ ची बेरीज ३९ होते, ब ची ३६, क ची ३९, ड ची मात्र ३४ च राहते. सरासरी ३७ वर घसरते आणि ड चा गुणक ०.९२ होतो. त्याला ७ मिळतात आणि अ ९ वरून ८ वर येतो. कामात काडीचा फरक नाही, नुसते दुसऱ्यांना कमी गुण दिले आणि फायदा झाला. मुलांना ही फट कळायला एक सेमिस्टर पुरतं.

तिचा उपाय सोपा आहे. गुण जोडायच्या आधी प्रत्येकाने दिलेले आकडे त्याच्याच सरासरीने भागायचे. अ ने एकूण ४४ दिले, सरासरी १४.६७. म्हणून त्याच्या फॉर्मवर ब ला १.०९, क ला १.२३, ड ला ०.६८. ड ने सगळ्यांना १५ दिले काय किंवा ५ दिले काय, त्याच्या फॉर्मवर तिघांनाही १ च. असं करून प्रत्येकाला मिळालेल्या तीन आकड्यांची सरासरी काढली की अ १.१०, ब १.०३, क १.११, ड ०.७७. ८ ने गुणून जवळच्या पूर्णांकात घेतले की ९, ८, ९, ६. ड ने दिलेल्या गुणांमुळे त्याचा स्वतःचा गुणक आता हलत नाही. लफबरो विद्यापीठाने तयार केलेल्या 'वेबपीए' मध्येही प्रत्येकाने दिलेले गुण असेच आधी एका मापावर आणतात. गूगल शीटमध्ये ही आकडेमोड चार सूत्रांत होते. ती शीट रिकामी का होईना, मुलांना आधीच दाखवा.

एक मर्यादा घाला: गुणक १.१५ च्या वर किंवा ०.७ च्या खाली जायला लागला तर सूत्रावर सोडायचं नाही, गाइडने त्या ग्रुपशी बोलायचं. हे आकडे माझे आहेत, तुम्ही तुमचे ठरवा. पण ठरवा नक्की.

आम्ही चौघांनी ठरवून सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले तर?

तर सगळ्यांचा गुणक १ येईल आणि सगळ्यांना ग्रुपचेच गुण मिळतील. खरंच सारखं काम झालं असेल तर उत्तम. पण बऱ्याचदा यामागे भीड असते, 'आपल्याला पुढची दोन वर्षं एकत्र काढायचीत' ही. म्हणून आकड्यांसोबत मी प्रत्येक सहकाऱ्याबद्दल एक ठोस गोष्ट लिहायला सांगते: या व्यक्तीने केलेलं एक काम जे झालं नसतं तर प्रोजेक्ट अडला असता. भीडेपोटी २० देता येतात, पण न झालेलं काम तिघांना वेगवेगळं लिहून सारखं जुळवता येत नाही. तो रकाना रिकामा राहिला किंवा तिघांनी तीन वेगळी कामं लिहिली की व्हायवात विचारायचं काय ते गाइडला कळतं.

मी कोणाला काय दिलं हे कळणार तर नाही ना?

गाइडला कळतं, ग्रुपला कळू नये. पण गुप्तता नुसती कबूल करून भागत नाही. तिघांचा ग्रुप असेल तर प्रत्येकाला दोघांकडूनच गुण मिळतात, आणि सरासरी सांगितली की कोणी काय दिलं हे थोड्या विचाराने उलगडतं. म्हणून तिघांच्या ग्रुपला मी आकडे सांगतच नाही, फक्त शेवटचे गुण आणि माझ्या शब्दांत दोन वाक्यं. चौघांच्या ग्रुपला सरासरी सांगायला हरकत नाही, मात्र शेरे जसेच्या तसे कधीच दाखवू नयेत. भाषेवरून माणूस लगेच ओळखू येतो, मिंग्लिशमध्ये लिहिलेला शेरा तर पहिल्याच ओळीत.

शिक्षकांना विनंती: फॉर्मची शीट वर्गासमोर प्रोजेक्टरवर चुकूनही उघडी राहू देऊ नका. एकदा विश्वास गेला की पुढच्या बॅचचेही फॉर्म कोरडे येतात.

तिघांनी मिळून एकाला पाडलं तर?

असं घडतं. कधी भांडणातून, कधी ग्रुप लावताना शेवटी उरलेला विद्यार्थी चौथा म्हणून कोंबला जातो त्यातून. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं यात हमखास सापडतात, कारण बाकीच्यांची ओळख पहिल्या वर्षापासूनची असते.

सूत्र इथे काहीच करू शकत नाही. तिन्ही फॉर्म एकमताने कमी असतील तर गणिताला ते खरंच वाटणार. इथे पुरावाच लागतो. एकाला तिघांकडून सारखेच फार कमी गुण आले असतील तर गाइडने लॉगबुक काढावं, त्याला कामं दिली होती का ते बघावं, आणि चौघांना वेगवेगळं बोलवावं. 'त्याने काहीच केलं नाही' आणि 'त्याला काहीच दिलं नाही' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. व्हॉट्सअॅप ग्रुपवरून त्याला काढलेलं आढळलं तर मी तिघांचे फॉर्म बाजूला ठेवते आणि चारही जणांना स्वतंत्र व्हायवावरून गुण देते.

हे सगळं शेवटी कळून उपयोग नसतो. म्हणून सेमिस्टरच्या मध्यावर तोच फॉर्म एकदा विनागुणांचा भरून घ्यायचा. तेव्हा कमी आकडे दिसले तर काम नव्याने वाटायला वेळ असतो. मला विचाराल तर दोन फेऱ्यांत जास्त उपयोगाची ही पहिलीच.

मी कोड फार लिहिला नाही. टेस्टिंग, पीपीटी आणि ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल) माझ्याकडे होतं. माझे गुण कमी होणार?

होऊ नयेत. प्रोजेक्ट म्हणजे फक्त कोड नाही. चुकीचा पिनकोड टाकला, नेट गेलं, रिकामा फॉर्म सबमिट केला तर काय होतं हे बघणारं माणूस नसेल तर डेमोच्या दिवशी सगळ्यांचीच फजिती होते. पण टेस्टिंग दिसेल असं करा. बग सापडला की गिटहबवर इश्यू उघडा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. व्हॉट्सअॅपवर "अरे लॉगिन चालत नाहीये" लिहिलेलं चार दिवसांत वाहून जातं, इश्यू राहतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. कितीतरी ग्रुपमध्ये ब्लॅक बुक आणि पीपीटी आपोआप मुलींकडे जातं आणि बॅकएंड आपोआप मुलांकडे. कोणी विचारलेलंही नसतं. मग कोड न लिहिल्याबद्दल त्याच मुलीचे गुण कापले जातात. काम वाटतानाच नियम करा: प्रत्येकाने निदान एक मॉड्यूल लिहायचं आणि अहवालाचं निदान एक प्रकरणही. ग्रुपमधल्या मुलींनी हे पहिल्या मीटिंगमध्ये ठणकावून मागावं, आणि गाइडने लॉगबुकच्या पहिल्या पानावरच बघावं.

मी बदलापूरहून येतो. संध्याकाळी थांबता येत नाही, मीटिंग चुकतात. ग्रुपला वाटतं मी टाळतो.

बदलापूरहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बरने ऐरोली किंवा वाशी, आणि परत. दिवसाचे चार तास असे जात असतील तर सहानंतर कॉलेजात न थांबणं हा कामचुकारपणा होत नाही. रविवारी भेटायचं म्हटलं तर मेगाब्लॉक. फॉर्मवर मीटिंगची हजेरी म्हणूनच नको. ठरलेलं काम ठरल्या दिवशी आलं का एवढंच विचारावं, मग ते लॅबमध्ये झालं असो वा घरी. घरी लॅपटॉप नसेल, घरचं दुकान सांभाळावं लागत असेल, तर ते पहिल्या आठवड्यात गाइडला सांगा, म्हणजे लॅबमधल्या वेळात होईल असं काम वाटून घेता येतं.

आजारपण किंवा घरातली अडचण असेल तर कारण ग्रुपला सांगायची सक्ती नाही. गाइडला सांगा. ते दिवस तुमच्या हिशोबातून वगळणं गाइडचं काम.

दुसऱ्या ग्रुपचा प्रोजेक्ट तपासायचा कसा?

आधी चालवून. हे वाचून नवल वाटेल, पण बहुतेक परीक्षणं पीपीटी बघूनच केली जातात. माझ्याकडे क्रम ठरलेला आहे. रिपॉझिटरी क्लोन करा, म्हणजे तिची प्रत स्वतःच्या मशिनवर घ्या. फक्त रीडमीमध्ये (प्रोजेक्टसोबतच्या सूचनांच्या फाइलमध्ये) लिहिलंय तेवढंच करून प्रोजेक्ट सुरू होतो का बघा, प्रोजेक्टवाल्यांना हाक मारायची नाही. सुरू झाला तर एकदा नीट माहिती भरून आणि एकदा मुद्दाम चुकीची भरून बघा. शेवटी एक फाइल निवडा आणि ती वाचून काय करते ते स्वतःच्या दोन वाक्यांत लिहा. ते लिहिता आलं नाही तर एकतर कोड वाचनीय नाही किंवा तुम्ही पुरेसा वेळ दिला नाही. दोन्हींतलं काय, तेही लिहा.

प्रत्येक प्रोजेक्टला निदान चार परीक्षक असू द्या आणि गुणांचा मध्यक घ्या, म्हणजे चार आकडे चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांची सरासरी. १८, १७, १६ आणि कोणीतरी रागाने दिलेले ४ असतील तर साधी सरासरी १३.७५ येते, मध्यक १६.५. एका माणसाच्या रागाने किंवा लोभाने निकाल हलत नाही. परीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमा, 'तुम्ही आमचा बघा, आम्ही तुमचा' अशी अदलाबदल नको. नावं झाकून तपासायचं असेल तर गिटचा इतिहास, रीडमी आणि कोडमधल्या कॉमेंट या तिन्ही ठिकाणची नावं काढलेली झिप द्यावी लागते. एका वर्गात कोणाचा प्रोजेक्ट कोणता हे तरी सगळ्यांना माहीत असतंच, त्यामुळे नावं झाकण्यापेक्षा चिठ्ठ्या आणि मध्यक यांवर माझा भर जास्त.

त्याआधी एक तास सरावाला द्या. मागच्या बॅचचा एखादा प्रोजेक्ट, त्या मुलांची परवानगी घेऊन, सगळ्या वर्गाने तपासायचा. एकाच प्रोजेक्टला कोणी ९ देतं, कोणी १८. मग ९ वाल्याने आणि १८ वाल्याने आपापलं कारण सांगायचं. रूब्रिकमधली (गुण देण्याच्या निकषांच्या तक्त्यातली) कुठली ओळ संदिग्ध आहे हे या वादातच सापडतं.

कॉलेजात मूडल (ऑनलाइन अभ्यासाचं सॉफ्टवेअर) असेल तर त्यातला वर्कशॉप हा प्रकार वापरा. तो परीक्षक आपोआप नेमतो आणि दोन वेगळे गुण ठेवतो: एक तुमच्या कामाचा, एक तुम्ही केलेल्या परीक्षणाचा. परीक्षणालाही गुण आहेत हे कळलं की लोक प्रोजेक्ट खरोखर चालवून बघतात.

प्रेझेंटेशनच्या इंग्रजीवर गुण कापावेत का?

नाही. प्रोग्रॅम कसा चालतो हे मराठीत किंवा हिंदीत समजावलं तरी समज तीच असते. एक्स्टर्नलसमोर, म्हणजे बाहेरच्या परीक्षकासमोर, इंग्रजी लागेल, म्हणून सराव जरूर करा, पण सहकाऱ्यांच्या फॉर्मवर 'कम्युनिकेशन स्किल' असा रकाना ठेवला की मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचे गुण त्यात गळतात.

एकाने सगळा कोड चॅटजीपीटीकडून आणला. त्याचं काम कसं मोजायचं?

त्या कोडची जबाबदारी तो घेऊ शकतो का यावर. गाइडसमोर त्याच फाइलमध्ये एक छोटा बदल करायला सांगायचा: यादी तारखेनुसार लाव, पासवर्डची किमान लांबी वाढव. जमलं तर काम त्याचं. नाही जमलं तर तो कोड ग्रुपमध्ये कोणालाच कळत नाही, आणि फॉर्मच्या चौथ्या मुद्द्यावर ते उतरायला हवं. एआयची मदत कुठे घेतली हे लॉगबुकमध्ये लिहिणाऱ्याचे गुण त्यासाठी कापू नका. लपवलं तर प्रश्न. विकत आणलेल्या प्रोजेक्टला हीच कसोटी लावा, तिथे तर पहिल्याच बदलाला सगळं उघड होतं.

शेऱ्यात काय लिहू? कोणाबद्दल वाईट लिहायला जीव होत नाही.

माणसाबद्दल लिहू नका, घडलेल्या गोष्टीबद्दल लिहा. 'आळशी आहे' हा शेरा कोणाच्याच कामाचा नाही. 'पेमेंट मॉड्यूल पहिल्या रिव्ह्यूआधी द्यायचं ठरलं होतं, रिव्ह्यूनंतर आठवड्याने आलं, तोवर आम्ही नकली डेटा वापरून डेमो दिला' हा शेरा वाचून गाइड लॉगबुक उघडून पडताळू शकतो. कौतुकही तसंच लिहा. 'खूप हेल्पफुल' पेक्षा 'मला जॉइन क्वेरी जमत नव्हती, तिने शनिवारी दोन तास बसून समजावली' यातून जास्त कळतं. जात, धर्म, दिसणं, घरची परिस्थिती, कोणाचं कोणाशी जमतं, यातलं काही शेऱ्यात आलं तर तो फॉर्म बाद होतो आणि लिहिणाऱ्याला बोलावणं येतं.

स्वतःला गुण द्यायचे का?

द्या, पण ते बेरजेत धरायचे नाहीत. तुम्ही स्वतःला १८ दिले आणि तिघांनी ११ च्या आसपास दिले, तर बोलायला विषय मिळतो. उलटही होतं, शांत राहून खूप काम करणारी मुलं स्वतःला १२ देतात. त्यांना ते बोलावून सांगायला हवं.

गुण पटले नाहीत तर?

गुण जाहीर झाल्यापासून एका आठवड्यात गाइडकडे लेखी द्या: कोणत्या मुद्द्यावर आक्षेप आहे आणि पुरावा काय, म्हणजे कमिट, इश्यू किंवा लॉगबुकचं पान. 'कोणी कमी दिले ते सांगा' ही मागणी मान्य होणार नाही. गाइडचं उत्तर पटलं नाही तर गाइड सोडून विभागातल्या दुसऱ्या शिक्षकाने कागद बघावेत, ही सोय सुरुवातीलाच जाहीर असावी. आक्षेप खरा ठरला तर तुमचे गुण वाढतात, त्याबदल्यात दुसऱ्या कोणाचे कमी करायचे नाहीत. आणि आक्षेप घेतला म्हणून ओरलमध्ये कोणी डूख धरत असेल तर विभागप्रमुखांकडे जा, तो तुमचा हक्क आहे.

मी फॉर्म भरलाच नाही तर?

तुमची ओळ हिशोबातून गळते. सहकाऱ्यांची सरासरी उरलेल्या दोन फॉर्मवरून निघते, तुमची मात्र तिघांवरूनच. म्हणजे नुकसान त्यांचं होतं: ज्याने रात्री जागून तुमचा बग सोडवला त्याच्या बाजूने बोलणारं एक माणूस कमी.

शिक्षकांनी फॉर्म घरी भरायला देऊ नये. घरी दिला की परतीच्या लोकलमध्ये चौघांचे फॉर्म एकाच मोबाइलवर भरले जातात. शेवटच्या प्रॅक्टिकलला लॅबमध्ये वीस मिनिटं द्यावीत, ग्रुपमधल्या चौघांना चार वेगळ्या रांगांत बसवावं, आणि त्या दिवशी गैरहजर असलेल्यांनी दोन दिवसांत लॅबमध्येच येऊन भरावा.